दशांशाचा पूर्णांक : उरलेले पैसे कुठे जातात?

मागच्या व्याख्यानात आपण डेटाबेसच्या टेबलमधल्या रकान्यांचे प्रकार पाहिले. पूर्णांक कशात ठेवायचा, दशांश संख्या कशात ठेवायची, मजकूर कशात ठेवायचा, वगैरे. त्यानंतर तुमच्याकडून जे प्रश्न आले, त्यांतला एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा आला होता : क्वेरी लिहिताना दशांश संख्येचा पूर्णांक कसा करायचा?

याचं उत्तर एका ओळीत देता येतं. कास्ट लिहा, झालं काम. पण आजचं सगळं व्याख्यान मी या एका ओळीवरच देणार आहे. कारण ही ओळ नीट न समजता लिहिल्यामुळे मी एकदा तीनशे माणसांचे पैसे कापले होते. चोरी करायची म्हणून नव्हे, पण कापले हे खरं.

एक गोष्ट आधी सांगते. पडद्यावर क्वेरी दिसतील, पण तुमच्यापैकी बरेच जण हे नंतर नुसतं ऐकतात किंवा वाचतात. म्हणून प्रत्येक क्वेरी मी तोंडाने वाचून सांगणार आहे.

मावशींची वही

गोष्ट एका गावातल्या दूध संस्थेची. नाव सांगत नाही, आणि चूक त्यांची नव्हतीच, माझी होती. दूध संकलन केंद्रावर काय चालतं, तुम्हाला माहीत असेल. सकाळ-संध्याकाळ सभासद दूध घेऊन येतात. दुधाचं माप होतं, फॅट आणि एसएनएफ तपासतात, त्यावरून दर ठरतो, आणि लिटर गुणिले दर अशी रक्कम पावतीवर छापून येते. दर दहा दिवसांनी या पावत्यांची बेरीज होऊन बिल निघतं. पावतीवर पैसे नकोत, पूर्ण रुपयेच हवेत, अशी त्या संस्थेची जुनी पद्धत होती. म्हणजे दशांशाचा पूर्णांक करणं आलंच.

त्यांचा जुना डेटाबेस पोस्टग्रेसवर होता. तो एसक्यूएल सर्व्हरवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. पावतीच्या क्वेरीत एक तुकडा होता : कास्ट, कंसात लिटर गुणिले दर, ॲज इंट. हा तुकडा दोन्हीकडे जसाच्या तसा चालतो. एक अक्षरही बदलावं लागलं नाही. क्वेरी चालली, पावत्या निघाल्या, मी खूश.

दहा दिवसांनी पहिलं बिल निघालं आणि एक मावशी वही घेऊन ऑफिसात आल्या. दोन म्हशी आणि एक गाय, रोजचं दूध त्या स्वतःच्या वहीत लिहून ठेवत. म्हणाल्या, "ताई, तुमचं नवं मशीन माझे पैसे खातंय." मी हसून म्हटलं, "मावशी, कॉम्प्युटर कशाला पैसे खाईल?" त्यांनी वही उघडली. एक ओळ दाखवली : ८.४ लिटर, दर ३४ रुपये ५० पैसे. गुणाकार होतो २८९ रुपये ८० पैसे. पावतीवर होते २८९. "पूर्वी याचे २९० व्हायचे," म्हणाल्या. "आता ८० पैसे गेले कुठे?"

वीस पावत्या होत्या. एकीवरही रक्कम वर गेलेली नव्हती. प्रत्येक पावतीवर पैसे नुसते पुसलेले. त्यांच्या हिशेबाने दहा दिवसांत अकरा रुपये चाळीस पैसे कमी आले होते.

अकरा रुपये म्हणजे काय मोठंसं, असं वाटेल. पण हिशेब करून बघा. पावतीवरचे पैसे शून्यापासून नव्व्याण्णवपर्यंत काहीही असू शकतात. ते सगळे छाटले तर एका पावतीमागे सरासरी पन्नास पैसे जातात. तीनशे सभासद, दिवसाला दोन पावत्या, दहा दिवस : सहा हजार पावत्या. म्हणजे एका बिलामागे सुमारे ३,००० रुपये. वर्षात अशी ३६ बिलं. सुमारे एक लाख आठ हजार रुपये, सभासदांच्या खिशातून संस्थेच्या खात्यात, आणि कुणीही तसं ठरवलेलं नाही! मावशींनी वही ठेवली नसती तर ते कळलंही नसतं.

एकच ओळ, वेगवेगळी उत्तरं

मग झालं होतं काय? आपण एक साधी क्वेरी घेऊ. सिलेक्ट, कास्ट, कंसात २.७ ॲज इंटिजर. आता ही वेगवेगळ्या डेटाबेसवर चालवून बघू.

- पोस्टग्रेस म्हणतो ३.
- ओरॅकल म्हणतो ३.
- मायएसक्यूएलमध्ये इंटिजरच्या जागी साइन्ड लिहावं लागतं. उत्तर ३.
- एसक्यूएल सर्व्हर म्हणतो २.
- एसक्यूलाइट म्हणतो २.

आता विचाराल, यांतलं चूक कोण? कुणीच नाही. एसक्यूएल भाषेचं जे प्रमाण आहे, त्यातच ही मोकळीक दिलेली आहे. पूर्णांक करताना जवळच्या संख्येकडे जायचं की दशांश भाग छाटायचा, हे डेटाबेस बनवणाऱ्याने ठरवावं असं प्रमाण सांगतं. पोस्टग्रेसवाल्यांनी एक ठरवलं, मायक्रोसॉफ्टने दुसरं ठरवलं. दोघांनीही आपापल्या कागदपत्रांत ते लिहून ठेवलं आहे. वाचलं नव्हतं ते मी.

गंमत पुढेच आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये डेसिमल किंवा फ्लोट प्रकारातून इंट केलं तर दशांश भाग छाटला जातो. पण त्याच एसक्यूएल सर्व्हरमध्ये मनी नावाचा एक प्रकार आहे, त्यातून इंट केलं तर मात्र तो जवळच्या पूर्णांकाकडे जातो. म्हणजे रकान्याचा प्रकार बदलला की नियम बदलला. क्वेरी बघून उत्तर सांगता येत नाही, टेबल कसं बनवलंय तेही बघावं लागतं.

म्हणून आजचं मुख्य म्हणणं इथेच सांगून टाकते. दशांशाचा पूर्णांक करणं म्हणजे नुसता प्रकार बदलणं नव्हे. उरलेल्या भागाचं काय करायचं, हा एक निर्णय त्यात असतो. तो तुम्ही घेतला नाहीत तर डेटाबेस घेतो, आणि तो कुणाचं नुकसान होतंय हे बघून घेत नाही.

चार मार्ग

निर्णय घ्यायचा तर पर्याय माहीत हवेत. ते चार आहेत.

पहिला, फ्लोअर. म्हणजे खालचा पूर्णांक. २.७ चे २. आपण वय असंच सांगतो. मुलगा पाच वर्षं अकरा महिन्यांचा असला तरी पाच पूर्ण असंच म्हणतो, सहा म्हणत नाही. जिथे "पूर्ण झालेले किती" हा प्रश्न असतो, तिथे फ्लोअर.

दुसरा, सीलिंग. म्हणजे वरचा पूर्णांक. लग्नाच्या वऱ्हाडात १०० माणसं आहेत आणि गाडी ४४ सीटची. १०० भागिले ४४, उत्तर २.२७. इथे जवळचा पूर्णांक घेतलात तर दोन गाड्या येतील आणि बारा माणसं पारावर बसून राहतील, त्यांत नवऱ्याचा मामा असेल तर मग बघायलाच नको. गाड्या, खोल्या, खोके, पानं : जिथे सगळं मावलंच पाहिजे, तिथे सीलिंग.

तिसरा, छाटणं. याला बहुतेक ठिकाणी ट्रंक म्हणतात, मायएसक्यूएलमध्ये ट्रंकेट. एसक्यूएल सर्व्हरमध्ये वेगळं नाव नाही, तिथे राउंडलाच तिसरी किंमत एक अशी दिली की तो छाटतो. दशांश चिन्हाच्या पुढचं सगळं पुसून टाकायचं, बस्स.

इथे कुणीतरी म्हणेल, मग फ्लोअर आणि छाटणं यांत फरक काय? २.७ चे दोन्हीकडे २ च होतात! बरोबर. फरक कळतो तो ऋण संख्येत. उणे २.७ घ्या. फ्लोअर म्हणजे खालचा पूर्णांक, आणि उणे २.७ च्या खाली आहे उणे ३. छाटलं तर उरतं उणे २. हिशेबात ऋण आकडे कधी येतात? परतावा असतो, कपात असते, चुकून जास्त गेलेले पैसे वळते करायचे असतात. पशुखाद्याची उचल बिलातून वजा करायची असते. तिथे फ्लोअर लिहिलंत तर जमा करताना माणसाला कमी मिळतं आणि कापताना त्याचं जास्त कापलं जातं. दोन्हीकडून त्याचाच तोटा.

चौथा, राउंड. म्हणजे जवळचा पूर्णांक. २.३ चे २, २.७ चे ३. कधी थोडं वर, कधी थोडं खाली. खूप पावत्या असल्या की वरचं आणि खालचं एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतं, म्हणून पैशांच्या व्यवहारात साधारणपणे हाच मार्ग घेतात.

अर्ध्याचं काय?

पण राउंडमध्येही एक फट आहे. बरोबर मध्यावर असलेली संख्या. २.५. ही दोनपासून अर्ध्यावर आणि तीनपासूनही अर्ध्यावर. जवळचा पूर्णांक कुठला?

शाळेत आपल्याला शिकवलं : अर्धा किंवा जास्त असेल तर वर न्या. २.५ चे ३, ३.५ चे ४. ऋण संख्येत बहुतेक डेटाबेस शून्यापासून लांब जातात, म्हणजे उणे २.५ चे उणे ३. दुसरी पद्धत अशी की अर्धा आला तर सम संख्येकडे जायचं. २.५ चे २, पण ३.५ चे ४. याला बँकर्स राउंडिंग म्हणतात. यात अर्धे वेळा खाली, अर्धे वेळा वर, असा तोल राहतो.

आता पोस्टग्रेसमध्ये बघा. २.५ ही संख्या न्यूमरिक प्रकारात असेल तर इंटिजर केल्यावर ३ येतात. तीच २.५ डबल प्रिसिजन प्रकारात असेल तर २ येतात! एकच डेटाबेस, एकच संख्या, एकच कास्ट.

हे नुसतं कोडं नाही, याला कायद्याची बाजू आहे. २०१७ च्या केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचं कलम १७० सांगतं की कराची रक्कम जवळच्या रुपयात आणायची, आणि पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर एक रुपया वाढवायचा, कमी असतील तर सोडून द्यायचे. म्हणजे कायद्याने अर्ध्याचा प्रश्न मिटवून टाकला आहे. अर्धा वर. आता तुमच्या टेबलमध्ये कराची रक्कम डबल प्रिसिजनमध्ये असेल आणि तुम्ही पोस्टग्रेसमध्ये नुसतं कास्ट केलं, तर १२ रुपये ५० पैशांचे १२ होतील. कायद्याप्रमाणे ते १३ व्हायला हवेत. तपासणी आली की "डेटाबेसने केलं" हे उत्तर चालत नाही.

तसंच १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम २८८-अ. तिथे एकूण उत्पन्न जवळच्या रुपयात नाही, तर जवळच्या दहाच्या पटीत आणायचं होतं. राउंडला दुसरी किंमत उणे एक दिली की तो बहुतेक डेटाबेसमध्ये दहाच्या पटीत आणतो, हे यासाठी लक्षात ठेवा. मुद्दा असा की नियम आधी शोधायचा. कुठला कायदा, कुठला करार, संस्थेचा कुठला ठराव. क्वेरी त्यानंतर.

१९.९९ चं काय होतं?

आता आणखी एक खड्डा. बऱ्याच जणांना रुपयांचे पैसे करायचे असतात. १९ रुपये ९९ पैसे, गुणिले १००, म्हणजे १९९९ पैसे. पहिलीतलं पोरही सांगेल. एसक्यूलाइटमध्ये लिहा : सिलेक्ट, कास्ट, कंसात १९.९९ गुणिले १००, ॲज इंटिजर. उत्तर येतं १९९८. एक पैसा गेला.

कारण असं. फ्लोट किंवा डबल प्रकारात संख्या दोनच्या घातांत साठवली जाते. आपल्या दशांश पद्धतीत एक तृतीयांश पूर्ण लिहिता येतो का? नाही, ०.३३३ असं लिहीतच बसावं लागतं. तसंच दोनच्या पद्धतीत ०.१ पूर्ण लिहिता येत नाही, १९.९९ ही नाही. जवळची संख्या साठवतात. तिला शंभरने गुणलं की उत्तर येतं १९९८.९९९९९९९९९९९९९९८. पडद्यावर ते १९९९ असं दिसू शकतं. पण छाटणाऱ्याला दिसण्याशी देणंघेणं नाही, तो दशांश चिन्हाच्या पुढचं सगळं कापतो, आणि हातात राहतात १९९८.

यावर उपाय दोन. खरा उपाय म्हणजे पैसा फ्लोटमध्ये ठेवायचाच नाही, डेसिमल किंवा न्यूमरिकमध्ये ठेवायचा. तिथे १९.९९ म्हणजे १९.९९ च असतात. आणि टेबल दुसऱ्याचं असेल, बदलता येत नसेल, तर आधी राउंड करायचं आणि मग कास्ट. राउंडने १९९८.९९९ चे १९९९ होतात, त्यानंतर छाटायला काही उरतच नाही.

याच कुटुंबातला दुसरा खड्डा भागाकाराचा. वर्गात ६० मुलं, ४५ पास. टक्केवारी काढायची : ४५ भागिले ६०, गुणिले १००. पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर आणि एसक्यूलाइट उत्तर देतात शून्य. सगळा वर्ग नापास! कारण दोन पूर्णांकांचा भागाकार तिथे पूर्णांकच येतो. ४५ भागिले ६० म्हणजे ०.७५, छाटून शून्य, आणि शून्य गुणिले शंभर शून्यच. मायएसक्यूएल आणि ओरॅकल मात्र ७५ देतात. इथे तर तुम्ही कास्ट लिहिलंही नव्हतं, तरी दशांशाचा पूर्णांक झाला. म्हणून आधी १००.० ने गुणा, मग भागा. शंभरच्या पुढचं ते दशांश चिन्ह आणि शून्य विसरू नका.

आधी बेरीज, मग पूर्णांक

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचा मुद्दा. पूर्णांक कसा करायचा हे ठरलं. पण तो कधी करायचा?

घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा, चार आणे म्हणजे किती? पंचवीस पैसे, लगेच सांगतील. १ एप्रिल १९५७ ला आपल्याकडे दशमान नाणी आली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे होते. रुपयाचे शंभर नवे पैसे झाल्यावर एका आण्याचे किती? शंभर भागिले सोळा, सव्वासहा. पाव पैशाचं नाणं तर नव्हतं. म्हणून आण्याचे सहा पैसे धरले जायचे. आता बघा. चार आण्यांची वस्तू एकदम घेतली तर पंचवीस पैसे. तीच एकेका आण्याची अशी चार वेळा घेतली तर सहा चोक चोवीस. एक पैसा कुठे गेला? प्रत्येक वेळी पाव पाव करून निसटला. म्हणजे हा प्रश्न डेटाबेसने आणलेला नाही. आपल्या आजोबांनी तो वाण्याच्या दुकानात सोडवला आहे.

क्वेरीत हे असं दिसतं. सम, कंसात राउंड ऑफ रक्कम. आणि राउंड, कंसात सम ऑफ रक्कम. शब्द तेच, क्रम उलटा, उत्तरं वेगळी. पहिल्यात प्रत्येक ओळीवर थोडी चूक होते आणि चुकांची बेरीज होते. दुसऱ्यात सगळी बेरीज पूर्ण पैशांत होते आणि चूक फक्त एकदा, शेवटी, तीही जास्तीत जास्त अर्ध्या रुपयाची.

आणि हे किती दूर जाऊ शकतं, याचं एक प्रसिद्ध उदाहरण आहे. १९८२ च्या जानेवारीत कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या शेअर बाजाराने नवा निर्देशांक सुरू केला, १००० पासून. प्रत्येक सौद्यानंतर निर्देशांक पुन्हा मोजला जायचा आणि तीन दशांश स्थळांच्या पुढचे आकडे छाटले जायचे. एका वेळचं नुकसान एका हजारांशापेक्षाही कमी. पण दिवसातून हजारो वेळा, आणि दर वेळी खालच्याच दिशेने. १९८३ च्या नोव्हेंबरपर्यंत निर्देशांक ५२५ च्या आसपास आला. बाजार पडला नव्हता, आकडा पडला होता. हिशेब दुरुस्त केला तेव्हा तो सुमारे १०९९ भरला. राउंड केलं असतं तर वरखाली होऊन चुका बऱ्याचशा मिटल्या असत्या. छाटण्यात चूक एकाच बाजूला साचत जाते, आणि आमच्या दूध संस्थेत नेमकं तेच झालं होतं.

मग मावशींचं काय झालं?

मावशींचे पैसे परत मिळाले. मिळू शकले, कारण एक गोष्ट नशिबाने बरोबर होती : मूळ लिटर, मूळ फॅट आणि मूळ दर टेबलमध्ये दशांशांसकट शाबूत होते. पूर्णांक फक्त पावतीच्या रकान्यात होता. आम्ही दहा दिवसांच्या सगळ्या पावत्या पुन्हा मोजल्या आणि फरक पुढच्या बिलात सगळ्यांना दिला. मी जर मूळ रकान्यावरच अपडेट चालवून पूर्णांक करून ठेवले असते, तर ते पैसे कायमचे गेले असते. २८९ वरून मागे २८९.८० वर जाता येत नाही. मग फक्त मावशींना पैसे मिळाले असते, कारण वही फक्त त्यांच्याकडे होती.

आणि संस्थेने एक ठराव केला. पावतीवर पैसे दाखवायचे. बिलाची बेरीज पैशांसकट करायची. पूर्णांक फक्त बिलाच्या शेवटी, एकदाच, पन्नास पैसे किंवा जास्त असतील तर वर. क्वेरीत आता राउंड स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि त्याच्या वर एका ओळीची टीप आहे : हा नियम संस्थेच्या ठरावाप्रमाणे.

श्रोत्यांचे प्रश्न

एका श्रोत्यांनी विचारलंय, "मी राउंड लिहिलं तरी उत्तरात दशांश चिन्ह आणि शून्यं दिसतात. असं का?" कारण राउंड किंमत बदलतो, प्रकार बदलत नाही. डेसिमल रकाना राउंड केला तरी तो बहुतेक ठिकाणी डेसिमलच राहतो. खरा पूर्णांक हवा असेल तर आधी राउंड, मग कास्ट. निर्णय राउंड घेतो, कास्ट फक्त कपडे बदलतो. हा क्रम पाळलात तर कुठल्याही डेटाबेसवर उत्तर बदलणार नाही. अट एवढीच, की रकाना फ्लोट किंवा डबल नको, डेसिमल हवा.

दुसरा प्रश्न, "सगळे पैसे पूर्णांकात, म्हणजे पैशांतच साठवले तर ही कटकट जाईल का?" बरीचशी जाईल, चांगली पद्धत आहे ती. पण रकाना साधा इंट ठेवू नका. त्याची मर्यादा २,१४,७४,८३,६४७. आकडा मोठा वाटतो, पण हे पैसे आहेत. म्हणजे दोन कोटी चौदा लाख रुपयांच्या पुढे रक्कम मावणार नाही. एखाद्या मोठ्या संस्थेची महिन्याची उलाढाल तेवढी सहज होते. बिगइंट वापरा.

तिसरा, "एक्सेलमधून आलेला डेटा मजकुराच्या रकान्यात आहे, तो थेट पूर्णांक करू का?" अजिबात नको. २.७ ही संख्या मजकूर म्हणून असेल तर पोस्टग्रेस आणि एसक्यूएल सर्व्हर चूक दाखवून थांबतात. ते बरं. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइट मात्र थांबत नाहीत, सुरुवातीचे जेवढे आकडे वाचता येतील तेवढे घेतात. २.७ चे २ करतात. आणि रकमेत स्वल्पविराम असेल तर? एक लाख पंचवीस हजार आपण लिहितो १, स्वल्पविराम, २५, स्वल्पविराम, ०००. हे डेटाबेस पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतात आणि उत्तर देतात एक. सव्वा लाखाचा एक रुपया! मायएसक्यूएल फक्त एक सूचना देतो, ती कोण वाचतं? आधी स्वल्पविराम काढा, मग डेसिमल करा, तपासा, आणि मग गरज असेल तर राउंड.

शेवटचा प्रश्न, "आमच्याकडे जुन्या शेकडो क्वेरी आहेत. त्या कशा तपासू?" सहा संख्या लिहून घ्या : २.४, २.५, २.७, ३.५, उणे २.५, उणे २.७. या तुमच्या क्वेरीतून, तुमच्या डेटाबेसवर, तुमच्या रकान्याच्या प्रकारात चालवा. २, २, २, ३, उणे २, उणे २ आले तर तुमचा डेटाबेस छाटतोय. २, ३, ३, ४, उणे ३, उणे ३ आले तर शाळेतली पद्धत. २, २, ३, ४, उणे २, उणे ३ आले तर समाकडे जाणारी पद्धत. पाच मिनिटांचं काम आहे. डेटाबेस बदलताना, आवृत्ती बदलताना, रकान्याचा प्रकार बदलताना, दर वेळी हे करा. मी तेव्हा केलं असतं तर आज सांगायला गोष्ट नसती, पण मावशींची चक्करही वाचली असती.

पुढच्या वेळी तारखा घेऊ. दोन तारखांमधले दिवस मोजायचे तर दोन्ही टोकं धरायची की एक, यावरूनही भांडणं होतात. तोवर आपापल्या क्वेरी उघडा, आणि जिथे जिथे नुसतं कास्ट दिसेल तिथे स्वतःला मावशींचा प्रश्न विचारा : उरलेले पैसे गेले कुठे?